दोघांत एक

मुलांच्या हातातल्या मोबाइलवरून घरोघरी, पालकसभांत आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर जो वाद चालतो, त्यातले दोन्ही पक्ष भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. एक पक्ष चाळिशीतल्या आईबापांचा. त्यांच्या लेखी दूरदर्शनवरचा मोगली, शाळेतून आल्यावरचं टॉम अँड जेरी आणि नाशिकच्या कालिकेच्या यात्रेतून हट्टानं आणलेली किल्लीची गाडी म्हणजे खरं बालपण, आणि आताची मुलं पाहतात तो नुसता गोंगाट. दुसरा पक्ष म्हणतो, हे रडगाणं प्रत्येक पिढी गाते. तुमच्या आजोबांनाही तुमचा टीव्ही असाच खुपत होता. पहिला पक्ष आठवणी काढतो, दुसरा त्यांची टिंगल करतो, आणि मूल तिकडे कोपऱ्यात पुढचा व्हिडिओ लावतं. माझ्या मते हरवलंय ते मोगलीही नाही आणि किल्लीची गाडीही नाही. दोन भावंडांत मिळून एक वस्तू असायची, ती सोय गेली. ती सोय गरिबीमुळे होती म्हणून तिचं कौतुक करायला नको, पण ती ठरवून परत आणता येते: घरात फुकट, आणि गल्लीत, सोसायटीत थोड्या हजारांत.

आधी आठवणींचा हिशेब करू. ज्याला आपण छातीठोकपणे 'आमच्या काळचं' म्हणतो, त्यातलं आपल्या काळचं किती? टॉम अँड जेरी १९४० सालचं. ते बनलं अमेरिकेतल्या चित्रपटगृहांसाठी, मुख्य सिनेमाच्या आधी मोठ्यांसकट सगळ्यांनी बघावं म्हणून. मोगलीची मालिका १९८९ची आणि जपानी. आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात हिंदी बोलत आली. हीमॅनची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. मॅटेल कंपनीनं १९८२ साली आधी बाहुले बाजारात आणले, आणि कार्टून आलं त्यानंतर, १९८३ साली. म्हणजे ज्या निरागसपणाची आज आठवण निघते, तो खेळणी खपवण्यासाठी रचलेला होता. बेब्लेड हेही जपानी खेळणी कंपनीचंच अपत्य. भोवऱ्याला प्लॅस्टिकचा लाँचर जोडला आणि त्यावर मालिका चढवली. तेव्हा जाहिरात आजची आणि गोष्ट कालची, अशी वाटणी करणाऱ्यांनी थोडं जपून बोलावं. मारामारी, आरडाओरडा, अतर्क्य उड्या हे सगळं तेव्हाही होतंच. टॉमच्या डोक्यात जितके हातोडे पडले, तितके आजच्या एखाद्या कार्टूनमध्ये पडले तर पालकसभेत ठराव होईल.

मग दुसरा पक्ष बरोबर का? तोही नाही. 'नवं आलं की जुने ओरडतात, आणि शेवटी काही बिघडत नाही' हा युक्तिवाद वरवर भक्कम वाटतो, पण त्यात एक फरक गाळला जातो. मुलांच्या करमणुकीची याआधीची जवळजवळ सगळी साधनं अनेकांत एक अशी आली. सिनेमा थिएटरभर लोकांचा. रेडिओ आळीत एक. टीव्ही आला तो वाड्यात एखाद्याकडे, आणि चपलांचा ढीग त्याच्या दाराशी. कार्टून नेटवर्क १९९५ साली भारतात सुरू झालं तेव्हा ते दिवसभर असायचं आणि नंतर त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. म्हणजे थांबण्याची वेळ आईनं ठरवलेली नव्हती, वाहिनीनंच ठरवलेली होती. कॉमिक हातोहात फिरायचं. हातात मावणारा ब्रिक गेम एकट्यानंच खेळायचा, पण तोही घरात एकच, आणि 'माझा डाव संपला की तुझा' हे त्याच्याबरोबरच यायचं. माणशी एक अशा हिशेबानं घराघरांत शिरलेलं पहिलं साधन म्हणजे मोबाइल. सिडकोच्या सहाही योजनांत किंवा अंबड-सातपूरच्या कामगार वस्तीत दीड खोलीच्या घरात दोन भावंडं हातभर अंतरावर बसून दोन वेगळ्या दुनियांत असतात. एकाला सुचवलं जाणारं दुसऱ्याला सुचवलं जात नाही. आठवडाभरानं त्या दोघांना एकमेकांशी बोलायला समान असं एक पात्रही उरत नाही. रेडिओविरुद्धचा जुना आरडाओरडा फोल ठरला, म्हणून हाही फोलच, हे कुठल्या तर्कात बसतं?

एक वस्तू दोघांत असली की नेमकं काय होतं, ते नीट पाहिल्याशिवाय हे कौतुक पोकळ राहील. संक्रांतीचा पतंगच घ्या. पतंग वर गेला की उडवणाऱ्याचे दोन्ही हात मांज्यावर अडकलेले असतात. ढील द्यायची तर मागे उभ्या असलेल्याच्या तळहातांवर फिरकीचे दांडे सैल फिरले पाहिजेत. त्यानं ते घट्ट आवळले की मांज्याला हिसका बसतो आणि पतंग गोता खातो. खेच मारली की ओढलेला मांजा गच्चीवर पायाशी साचतो. तो लगोलग गुंडाळला नाही तर गुंता होतो, आणि पुढच्या ढिलीला तीच गाठ बोटांत येऊन मांजा तिथंच तुटतो. म्हणजे पतंग कापला जातो तो बऱ्याचदा समोरच्या गच्चीवरून नाही, मागच्या फिरकीवरून. मागचा नुसता मदतनीस नसतो, पतंग अर्धा त्याच्याही हातात असतो. अशी वस्तू मुलांना 'मिळून मिसळून खेळा' असं सांगत नाही. मिळून खेळल्याशिवाय ती चालतच नाही. (मांजा अर्थात सुती. नायलॉनच्या मांज्यावर बंदी असूनही तो दर संक्रांतीला चोरून विकला जातो आणि गळे कापतो. या लेखात त्याला जागा नाही.)

ही कल्पना शिक्षणशास्त्रात नवी नाही. मारिया माँटेसरींच्या वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवायचं असा दंडक होता. दुसऱ्या मुलाला तेच हवं असेल तर पहिल्याचं होईपर्यंत त्यानं थांबायचं; न थांबता मिळावं म्हणून दुसरा नग आणायचा नाही. थांबणं हाच पाठ. हा दंडक पैशांअभावी आलेला नव्हता, विचारानं आलेला होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम मांडलं, तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साधनं उभी केली. खडे कितीही मिळतात, पण साधन समोर बसलेल्या मुलांत मिळून वापरायचं हे सूत्र टिकलं. आज इंग्रजी पाट्या लावलेल्या बालवाड्या माँटेसरींचं नाव घेतात आणि भांडण टाळण्यासाठी प्रत्येक मुलाला वेगळा डबा देतात, ही या सगळ्यातली गंमत.

आता विरोधी मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की जुन्या वाटणीत न्याय नव्हता. पतंग दादा उडवायचा आणि फिरकी बहीण धरायची, वर्षानुवर्षं. रिमोट थोरल्याकडे, किल्लीच्या गाडीची किल्ली थोरल्याकडे, आणि धाकटीच्या वाट्याला भातुकली, तीही शेजारच्या मुलीबरोबर. वाटून खेळण्याच्या गोड आठवणी बहुतेक वेळा थोरल्यांच्याच असतात, हे तपासून पाहायला हरकत नाही. हा मुद्दा मी संपूर्ण मान्य करतो. पण त्यातून निघतं काय? वस्तू दोन आणल्या की अन्याय संपतो, की तो फक्त दिसेनासा होतो? बहिणीला वेगळा पतंग दिला आणि तिच्या मागे फिरकी धरायला कुणी उभं राहिलं नाही, तर तिचा पतंग उडतो का? उपाय वस्तू दुप्पट करण्यात नाही, पाळी ठरवण्यात आहे. पतंगात तर पाळी आयतीच आहे: पतंग कापला गेला की हात बदलायचे. जो उडवत होता त्यानं फिरकी धरायची. हा नियम लावला की फिरकीवाल्याच्या कामचुकारपणालाही आळा बसतो, कारण पुढच्या डावात त्याची फिरकी याच्याच हातात असते.

दुसरा मुद्दा: मुलाला स्वतःचं असं काहीतरी हवंच. ज्याच्या मालकीचं काही नाही तो देणार काय? हेही खरं आहे. शिवाय काही मुलांना, विशेषतः स्वमग्नतेसारख्या अडचणी असलेल्यांना, एखादी ठरावीक वस्तू दुसऱ्यानं हाताळलेली सहनच होत नाही; तिथं वाटणीचा आग्रह म्हणजे छळ. म्हणून सरसकट सगळं सामाईक करा असं माझं म्हणणं नाही. प्रत्येकाला बुटाच्या खोक्याएवढा एक खोका द्यावा. त्यात मावेल ते फक्त त्याचं. विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आईबाबांनीही नाही. खोक्याबाहेरचं सगळं दोघांचं. खोका भरला की नव्यासाठी जुनं बाहेर काढावं लागतं, आणि बाहेर आलं की ते आपोआप सामाईक होतं. एक गोष्ट मात्र घरातून हद्दपार करायला हवी: 'तू मोठा आहेस ना, दे त्याला.' यात थोरला फक्त हरायला शिकतो आणि धाकटा फक्त रडायला. दोघांत एक म्हणजे थोरल्यानं सोडायचं आणि धाकट्यानं घ्यायचं असं नव्हे.

तिसरा मुद्दा सगळ्यात टोकदार आहे: भावंडं आहेत कुठं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे होणारी सरासरी मुलं, १.७ निघाला. म्हणजे कॉलेज रोडला काय आणि इंदिरानगरला काय, एकुलत्या मुलांची घरं भरपूर. त्यांच्यासाठी 'भावाबरोबर वाटून घे' हा सल्ला निव्वळ थट्टा आहे. पण म्हणूनच हा प्रश्न घरापुरता राहत नाही, सार्वजनिक होतो. घरात दुसरं मूल नसेल तर दुसरं मूल जिन्यावर आहे, समोरच्या फ्लॅटमध्ये आहे. मधली वस्तू तेवढी नाही. तिच्याकडे मी येतोच.

त्याआधी पडद्याचा मुद्दा निकालात काढू, कारण माझा लेख पडद्याविरुद्ध आहे असा समज होऊ नये. चलच्चित्राशी नाशिकचं नातं जुनं आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला मुक्काम नाशिकला हलवला, आणि १९१५ साली आगकाड्या एकेका चित्रासाठी किंचित सरकवून त्यांना पडद्यावर पळवलं. मुलांची कार्टून म्हणजे परदेशी थेर, असं म्हणणाऱ्यांनी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे तिथं एक चक्कर मारावी. आणि ही आगकाड्यांची युक्ती आज कोणतीही दोन मुलं एका मोबाइलवर करू शकतात. काड्यांचं गुल आधी मोठ्यांनी काढून टाकायचं. मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा, कॅमेरा खाली तोंड करून, चिकटपट्टीनं पक्का बसवायचा. खाली काळा कागद. एकानं काडी अर्धा सेंटीमीटर सरकवायची आणि हात बाहेर काढून 'हं' म्हणायचं, दुसऱ्यानं फोटो घ्यायचा. सेकंदाला बारा फोटो धरले तर पाच सेकंदांच्या कार्टूनला साठ फोटो लागतात. पाऊण तासाचं काम. बिघडतं ते तीन ठिकाणी. फोटो काढताना मोबाइल ढकलला जातो आणि सगळं चित्र उडी मारतं. म्हणून मोबाइलला लावलेल्या वायरच्या इयरफोनवरच्या आवाजाच्या बटणानं फोटो घ्यावा. खिडकीतला उजेड बदलतो. म्हणून खिडकी बंद करून एकाच दिव्याखाली काम करावं. आणि कॅमेरा स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो, त्यामुळे चित्र लुकलुकतं. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड एका जागी कुलूपबंद होतो. हे एकट्या मुलाला जमेल का? जमेल, पण काडी सरकवायची, उठायचं, फोटो घ्यायचा, परत बसायचं, यात विसाव्या फोटोला ते कंटाळेल. दोघं असतील तर साठ होतात.

त्याच काड्यांची खेळणीही होतात. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून सांगाडे उभे करण्याची रीत देशभर पोचवली. दीड सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना एकेक काडी, की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. चौकोनात तिरपी काडी घातली की तोही ताठ. व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मीटरवर मिळते, काडेपेटी घरात असते. मग पडदा आणि खेळणं यांत शत्रुत्व कुठं राहिलं? विचारायचा प्रश्न एवढाच: या वस्तूला दोघं लागतात का? दोन कंट्रोलरचा व्हिडिओ गेम या कसोटीला उतरतो, आणि एकट्यानं कुलूपबंद कपाटात मांडून ठेवायच्या महागड्या गाड्या उतरत नाहीत. सरकारी बंद्यांनाही हीच कसोटी लावून पाहा. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची दारं बंद केली. काय नको ते त्यातून कळतं; त्या रिकाम्या वेळेत काय, ते कळत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल-टीव्ही बंद होतात. लोक त्याला मोबाइलबंदी म्हणून नावाजतात. माझ्या मते त्यातली खरी करामत अशी की बंद सगळ्यांचं एकाच वेळी होतं, त्यामुळे बाहेर पडलेल्या मुलाला दुसरं बाहेर पडलेलं मूल भेटतं.

घरात करायचं ते सोपं आहे, पण नियम कच्चा असला की आठवड्यात मोडतो. कार्टून बघायचं ते टीव्हीवर. मोबाइलवरून टीव्हीवर लावून मोबाइल खणात. दोन मुलांचे वेगळे प्रोफाइल असतील तर ते मोडून एकच करावा, म्हणजे सुचवण्या दोघांच्या मिळून येतात. 'पुढचा भाग आपोआप' हे सेटिंग बंद करावं. दर भागानंतर हात उचलावा लागला की थांबायला एक फट मिळते. दोनपेक्षा लहान मुलाला पडदा नको आणि पाचपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, हे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं इथं जसंच्या तसं लागू. लावायचं काय, हे एक दिवस एकानं ठरवायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं. ज्याची पाळी नाही त्यानं बसायचं किंवा उठून जायचं, पण कुरकुर करायची नाही. इथं पालक हटकून सम-विषम तारखांचा नियम लावतात आणि फसतात. ३१ तारीख विषम, दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. महिनाअखेरीला एकाच मुलाची पाळी लागोपाठ दोनदा येते. वर्षाचा हिशेब केला तर विषमवाल्याला १८६ दिवस आणि समवाल्याला १७९. मोठ्यांच्या हे लक्षात येत नाही, मुलांच्या ३१ जानेवारीच्या दुसऱ्याच दिवशी येतं. त्यापेक्षा वार वाटून द्यावेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाचे, मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याचे, आणि रविवारी दोघांचं एकमत होईल तेच, नाही झालं तर टीव्ही बंद. हा रविवारच सगळ्यात मोलाचा आहे. पहिले दोन रविवार टीव्ही बंदच राहतो. तिसऱ्या रविवारी सौदा होतो.

आता गल्लीचं. खेळणी आता स्वस्त आहेत, मेन रोडला शंभराच्या नोटेत दोन येतात, मग वाटून घ्यायची गरजच काय, असं विचारलं जाईल. पुस्तकंही स्वस्त झाली, म्हणून वाचनालयं बंद करावीत असं कुणी म्हणत नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. पुस्तक प्रत्येकाला परवडत नव्हतं म्हणून ते सुरू झालं, आणि परवडायला लागल्यावरही चालू राहिलं, कारण मधल्या काळात लोकांना कळलं की एकाच पुस्तकावर तीस जणांचे हात पडले की त्याबद्दल बोलायला तीस जण मिळतात. खेळण्यांच्या बाबतीत हाच प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये १९३५च्या मंदीत झाला. मुलं दुकानातून खेळणी चोरताहेत हे ध्यानात आल्यावर तिथं शिक्षा वाढवण्याऐवजी पुस्तकांसारखी खेळणी उसनी द्यायला सुरुवात झाली. वेळेवर परत करणाऱ्याची नोंद ठेवली जाऊ लागली. ते काम पुढे अनेक दशकं चाललं. आपल्याला तितकं लांबही जायला नको. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या नाशिकहून निघून देशात-परदेशात फिरतात: एका गटाकडे एक पेटी, वाचून झाली की दुसऱ्या गटाशी अदलाबदल. ज्या गावानं ग्रंथपेटी चालवून दाखवली, त्याला खेळपेटी का जमू नये?

वीस-चोवीस फ्लॅटच्या इमारतीला पंचवीस-तीस खेळण्यांची एक पेटी पुरते. आठ-दहा हजार रुपये धरून चाला; दर घरी चारशेच्या आसपास. तीन महिन्यांनी शेजारच्या इमारतीच्या पेटीशी अदलाबदल, म्हणजे वर्षात चार पेट्या त्याच पैशांत. आत काय? जोडायच्या ठोकळ्यांचे दोन मोठे संच, नट-बोल्टवाला एक, साठ ते शंभर तुकड्यांची तीन कोडी, बुद्धिबळ दोन, लगोरी, पत्त्यांचे खेळ, हातमोज्याच्या बाहुल्या, लांब दोरी, सहा भोवरे, व्हॉल्व्ह ट्यूबचा डबा, आणि पितळेची एक भातुकली. नाशिकच्या भांडी बाजारात पितळेची कमी नाही. कॅरम पेटीत मावत नाही, त्याचा खेळायचा भागच ७४ सेंटीमीटरचा असतो. तो जिन्याखाली उभा ठेवावा, पण पावसाळ्यात भिंतीला टेकवून नको, पोक येतो. उधार देण्याचा एकच नियम मी हटवादीपणे सांगेन: खेळणं एका मुलाच्या नावावर द्यायचं नाही. नोंद दोघांच्या नावानं. भावंडं असोत, नाहीतर दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरची दोन एकुलती. दहा दिवसांपैकी पाच एका घरी, पाच दुसऱ्या घरी. आणि तुकडा हरवला तर दोघं मिळून उत्तर देणार. नोंदवही बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी ठेवावी. मोठ्यांनी फक्त अनामत सांभाळावी.

बिघडतं कुठं? तुकडे मोजण्यात. शंभर तुकडे दर वेळी कोण मोजणार? दोन महिन्यांत मोजणं बंद पडतं आणि सहा महिन्यांत पेटी निकामी होते. त्यावर इलाज स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं पूर्ण वजन झाकणाच्या आत लिहून ठेवायचं. परत आल्यावर काट्यावर ठेवलं की पाच सेकंदांत कळतं. पुठ्ठ्याच्या कोड्याला मात्र काटा चालत नाही, कारण पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि वजन वाढतं; ते परत करताना जोडलेल्या स्थितीतच दाखवायचं, आणि दोन कोडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर वेगळ्या रंगाच्या रेघा मारून ठेवायच्या. मागे ओढून सोडायच्या गाड्या चालेनाशा झाल्या की लोक फेकतात. निम्म्यांत मागच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. खालचे स्क्रू काढून चिमट्यानं ओढून घ्यावेत. तेल घालू नये, धूळ बसून त्याचा चिकटा होतो. सेलची खेळणी सेल काढूनच परत घ्यायची. सेल आत राहून गळला असेल तर अल्कलाइनच्या पांढऱ्या बुरशीला कापसानं व्हिनेगर, साध्या झिंक-कार्बनच्या गळतीला खायच्या सोड्याचं पाणी, आणि मग कोरडं पुसून दिवसभर उघडं ठेवायचं. लाखेच्या लाकडी खेळण्यांना पाण्यात बुडवू नये, लाकूड फुगतं आणि रंगाचे पोपडे निघतात. कापूस भरलेले कापडी बाहुले घेऊच नयेत. जुलैत धुतले तर वाळत नाहीत आणि कुबट वास मारतात.

सुरक्षिततेवर तडजोड नको. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट. यात्रेतल्या बिनशिक्क्याच्या मालाला पेटीत जागा नाही, मग तो कितीही आठवणीतला असो. बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं असलेलं काहीही घेऊ नये. गिळलेला लिथियमचा बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी काय धोक्याचं, हे ठरवायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. घरात त्याच मापाची वस्तू आहेच, कॅरमची सोंगटी. सोंगटीच्या वर्तुळात जे मावतं ते घशात जाऊ शकतं. असं सगळं तांबड्या पिशवीत वेगळं, आणि ती पिशवी लहान भावंड असलेल्या घरी द्यायची नाही.

महापालिकेनं हे करावं का? उद्यानात, समाजमंदिरात जागा दिली तर उत्तमच, पण तिची वाट पाहत बसू नये. पेटीला खोलीही लागत नाही, जिन्याखालचं कुलूपबंद कपाट पुरतं. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत करावी, मेमध्ये नको, कारण मेमध्ये मुलं मामाकडे जातात आणि खेळणी तिकडेच राहतात. आणि पहिल्याच पेटीत भोवऱ्यांच्या जाळीसाठी, म्हणजे गुंडाळायच्या दोरीसाठी, सुताची एक अख्खी लड जादा टाकून ठेवावी. भोवरा परत येतो, जाळी येत नाही.